कोकणातल्या घरातून कोडिंग करायचंय? आधी बोर्ड बघा, लॅपटॉप मग

गावात राहून सॉफ्टवेअरचं काम करणारी पोरं आता देवगड, मालवण, गुहागर, दापोली सगळीकडे दिसायला लागलीत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, पण भेटलं की सगळ्यांची रड तीच. लॅपटॉप मधेच बंद होतो, राउटर आपोआप रिस्टार्ट होतो, मीटिंगमध्ये आवाज तुटतो, डाउनलोड नव्वद टक्क्यांवर मरतं, दर पावसाळ्यात एक चार्जर जातोच. मग लोक काय करतात तर नवीन लॅपटॉप घेतात, महागडा राउटर घेतात, आणि पुढच्या मिरगाला परत येरे माझ्या मागल्या. माझं ठाम मत असं की यातल्या निम्म्याहून जास्त कटकटींचा मशीनशी संबंधच नसतो, त्या भिंतीतल्या बोर्डातून, अर्थिंगमधून, खांबावरच्या वायरीतून आणि खाऱ्या दमट हवेतून येतात. त्यामुळे पैसे आणि वेळ घालताना क्रम असा ठेवा, आधी लाईट, मग नेट, मग हवा, मग कामाची पद्धत, आणि लॅपटॉप सगळ्यात शेवटी. आगोटीची बाकी कामं निघतात ना मे महिन्यात, त्यातच हे पण उरकून टाका, कारण एकदा पाऊस लागला की इलेक्ट्रिशियन काय आणि फायबरवाला काय, कोणीच हाताला लागत नाही.

अर्थिंग, म्हणजे सगळ्याचं मूळ

लॅपटॉप चार्जिंगला लावून मेटल बॉडीवर मनगट ठेवलं की झिणझिण्या येतात, हे बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल. अडॅप्टरच्या आत नॉइज गाळायला बारीक कपॅसिटर असतात, त्यातून अगदी थोडासा करंट बॉडीपर्यंत येतो. तीन पिनचा प्लग असेल आणि भिंतीतलं अर्थिंग खरं असेल तर तो करंट जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या हातातून वाट काढतो. दोन पिनचा अडॅप्टर असेल तर अर्थिंग चांगलं असूनही थोडं झिणझिणतं, ते नॉर्मल आहे, पण तीन पिन असून झिणझिणत असेल तर समजा की त्या सॉकेटला अर्थ नाही. आणि झिणझिण्या सोडून सरळ झटका बसत असेल तर तो अडॅप्टर त्याच क्षणी काढून बाजूला ठेवा, वापरूच नका.

खात्री करायची तर मल्टीमीटर एसीवर लावून तीन मापं घ्यायची (मीटर कधी हातात धरला नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि समोर उभं राहून तिन्ही मापं मोजून घ्या). फेज ते न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट यायला पाहिजे. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. हे तिसरं माप दहाच्या वर जात असेल तर अर्थिंग किंवा न्यूट्रल यापैकी काहीतरी कमजोर आहे, आणि फेज ते अर्थ भलतंच कमी किंवा नाचतं येत असेल तर त्या पिनेला मागे वायरच जोडलेली नाही असं धरा. जुन्या घरांत हे सर्रास असतं, तिसरं भोक नुसतं दिसायला.

आपल्याकडे हा त्रास जास्त का, तर जमीन. जांभ्यात पाणी थांबत नाही, झिरपून खाली जातं, सड्यावरचं घर असेल तर मार्च उलटला की जमीन कोरडी ठाक आणि कोरडा जांभा करंट जमिनीत जाऊच देत नाही. त्यात घर बांधताना दोन-तीन फुटांवर कातळ लागला की रॉड तिथेच सोडून देतात. खाडीजवळ किंवा समुद्राला लागून घर असेल तर ओल भरपूर असते पण मिठाने लोखंडी पाइप आणि त्याचा क्लॅम्प काही वर्षांत खाऊन टाकलेला असतो. उपाय सोपा आहे, खड्डा घराच्या मागच्या कातळात न मारता जिथे कायम ओल राहते तिथे मारा, मोरीचं पाणी जातं तिथे, माडाच्या आळ्याजवळ, विहिरीच्या बाजूला. कोळसा-मीठ घाला किंवा बाजारात मिळते ती ओल धरून ठेवणारी अर्थिंगची पावडर घाला, किनाऱ्याला तांब्याचा मुलामा असलेला रॉड घ्या, आणि एप्रिल-मेमध्ये अधूनमधून त्यात बादलीभर पाणी ओतत जा. बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठे गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच) नसेल तर याच फेरीत बसवून घ्या, हे गॅजेटसाठी नाही तर घरातल्या माणसांसाठी.

लाईट जाणे आणि लाईट येणे

लाईट जाण्याने वस्तू सहसा जळत नाहीत, त्या जळतात लाईट येताना. वाऱ्यात फांदी पडली, लाईन जोडली, परत ट्रिप झाली, परत आली, असं पाच-दहा मिनिटांत दोन-तीनदा होतं आणि प्रत्येक वेळी व्होल्टेज उसळतं. म्हणून जोराच्या वाऱ्यात लाईट गेली की पहिल्यांदा चार्जर, मॉनिटर, राउटरचे प्लग काढा, आणि लाईट आल्या आल्या लावू नका, दहा मिनिटं पंखा आणि बल्ब नीट चालतायत का बघा मग लावा. दुसरा प्रकार याहून वाईट, लाईनवरची न्यूट्रलची तार तुटणे. मग एका घरात बल्ब पिवळा मंद आणि शेजारच्या घरात डोळे दिपतील असा, पंखा विमानासारखा फिरतो, कारण तिथे ३०० व्होल्टच्या वर, कधी ४०० च्या आसपास पोचलेलं असतं. असं दिसलं की विचार न करता मेन स्विच खाली, आणि शेजाऱ्यांना पण हाक मारून सांगा. मेन बोर्डवर व्होल्टेज जास्त झालं की आपोआप तोडणारा प्रोटेक्टर बसवता येतो, एका चांगल्या चार्जरच्या किमतीच्या आसपास येतो, आणि माझ्या मते लॅपटॉपवर पन्नास-साठ हजार घालणाऱ्या प्रत्येकाने तो आधी घ्यावा.

इन्व्हर्टर आता बऱ्याच घरांत असतो तरी राउटर रिस्टार्ट होतो, ते का? बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे एक स्विच असतो, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा ईको. नॉर्मलवर असताना लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षणभर वेळ लागतो तेवढ्यात राउटर आणि डेस्कटॉप बंद पडतात. यूपीएसवर टाकला तर हा त्रास जातो, पण मग व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की तो बॅटरीवर जातो आणि आपल्याकडे संध्याकाळी सगळीकडे पंप आणि फ्रिज चालू असताना व्होल्टेज खाली जातंच, म्हणजे लाईट असून बॅटरी संपणार. त्यामुळे मी तरी असं सांगेन की घराचा इन्व्हर्टर नॉर्मलवरच राहू द्या, डेस्कटॉप असेल तर त्याला छोटा यूपीएस द्या, आणि राउटरला वेगळा मिनी यूपीएस घ्या, लिथियम बॅटरीचा, थेट १२ व्होल्ट डीसी देणारा. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर काय लिहिलंय ते बघूनच घ्या, काही राउटर ९ व्होल्टचे असतात, आणि फायबरचा डबा आणि वायफायचा डबा वेगवेगळे असतील तर दोन आउटपुटवाला घ्या, नाहीतर एक चालू एक बंद असं होऊन बसतं. या एका वस्तूने जेवढी शांतता मिळते तेवढी कुठल्याच महागड्या राउटरने मिळत नाही.

इन्व्हर्टर किती वेळ पुरेल याचा हिशोब एकदा कागदावर करून ठेवा. १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, पण प्रत्यक्षात साठ टक्के धरा, म्हणजे १०८० च्या आसपास. लॅपटॉप ६०, राउटर १२, साधा पंखा ७०, एक एलईडी १० असा दीडशे वॉटचा लोड असेल तर सात तास. तोच पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) घेतला तर तो ३० वॉटच्या आसपास खातो आणि तुमचे सात तास साडेनऊच्या जवळ जातात. नवीन बॅटरी घेण्याआधी पंखा बदला. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच, नळाचं किंवा विहिरीचं अजिबात नाही, आणि टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला की साफ करून पेट्रोलियम जेली लावा, खाऱ्या हवेत तो थर फार लवकर येतो.

वादळाचं गणित मात्र वेगळं. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून वर गेलं, दोन्ही वेळा कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. तेव्हा इन्व्हर्टर पहिल्या दिवशीच संपतो, मग तो परत भरायला काहीतरी लागतं, छपरावर एखादं सोलर पॅनल नाहीतर निदान गाडी. लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होत असेल तर ६५ वॉटचा कार चार्जर घेऊन ठेवा. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-तास, लॅपटॉप जेमतेम एकदा भरेल, पण पॉवर बँक ६५ वॉट देते का ते लेबल बघून घ्या, फोनसाठीची नुसती १८ वॉटची असते आणि मग लॅपटॉप तिला दाद देत नाही.

वीज कधी पडते

नवीन लोकांचा समज असा की भर पावसाळ्यात धोका जास्त. तर तसं नाही, जुलैच्या मुसळधारेत गडगडाट तुलनेने कमी असतो, खरी भीती मिरगाच्या आधीच्या वळवाची आणि मग परतीच्या पावसाची, हस्त नक्षत्रात संध्याकाळी काळोखून येतं ती. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी अॅप आहे, आजूबाजूला वीज पडतेय का ते दाखवतं, मे आणि ऑक्टोबरमध्ये ते फोनवर असू द्या. ढग गरजायला लागले की लाईटचे प्लग तर काढाच पण लॅनची केबल (राउटरहून लॅपटॉपला जाते ती) आणि डिशची केबल पण काढा, बरेच जण फक्त चार्जर काढतात आणि लॅन पोर्ट जळतो. आणि हे सगळं ढग लांब असतानाच, डोक्यावर कडकडाट चालू झाल्यावर बोर्डाला हात लावायला जाऊ नका.

फायबर काचेचं असतं, त्यातून करंट येत नाही, हे खरं, पण खांबावरून घरात येणाऱ्या केबलला आधारासाठी स्टीलची तार असते ती करंट आणू शकते. फायबरवाल्याला सांगा की काका, ती तार भिंतीच्या बाहेरच तोडून संपवा, आत नुसतं फायबर घ्या. आणि एका घरातून दुसऱ्या घरात, किंवा घरातून गोठ्याशेजारच्या खोलीत उघड्यावरून लॅन केबल ओढू नका, तिथे पण फायबर आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबरचं लॅन करणारे डबे) लावा. स्पाइक गार्डवर भरवसा ठेवायचा तर त्याच्यामागे अर्थिंग पाहिजे, आणि त्याच्या आतला भाग प्रत्येक झटक्याने झिजतो, म्हणून इंडिकेटर गेला की तो फक्त एक्स्टेंशन बोर्ड उरला असं समजा.

नेट गेलं, पण नक्की कुठे गेलं

नेट बंद पडलं की लोक राउटर ऑफ-ऑन करत बसतात. त्याआधी राउटरच्या लाईट बघा. एलओएसची (सिग्नल गेल्याची) लाल लाईट पेटली असेल तर फायबर कुठेतरी तुटलंय किंवा समोरून उजेडच येत नाही, तुम्ही शंभर वेळा रिस्टार्ट केलं तरी काही होणार नाही, सरळ फोन करा आणि हॉटस्पॉटवर कामाला लागा. फायबरवाल्याला फोनवर "नेट चालत नाय" एवढंच सांगितलं तर तो पण म्हणतो, "झाड पडला असात खयतरी, बघतंय सांजपर्यंत", त्यापेक्षा लाल लाईट आहे की नाही आणि आरएक्स पॉवर (फायबरमधून येणाऱ्या उजेडाची ताकद) किती ते सांगा, मग कामाला वेग येतो. ही आरएक्स पॉवर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर दिसते, साधारण उणे १८ ते उणे २४ चांगली, उणे २७ च्या पलीकडे गेली की नेट चालू-बंद होत राहणार. चांगलं चालत असतानाचा आकडा लिहून ठेवा, म्हणजे बिघडल्यावर तुलना करता येते. कधीकधी कारण घरातच असतं, कपाटामागे फायबर जास्त वाकलेलं असतं.

लाल लाईट नसेल तर तीन पिंग करा, म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघा. पहिला राउटरला, बहुतेक १९२.१६८.१.१. हा पाच-दहा मिलिसेकंदात यायला पाहिजे, शंभर-दोनशेवर उड्या मारत असेल तर दोष वायफायचा. राउटर ओटीवर आणि तुम्ही माजघराच्या पलीकडच्या खोलीत, मध्ये चिऱ्याच्या दोन जाड भिंती, तिथे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पोचतच नाही. २.४ वर या, चॅनल १, ६ नाहीतर ११ ठेवा, आणि जमलं तर कामाच्या टेबलापर्यंत लॅन केबल ओढा, सगळ्यात चांगलं तेच. दुसरा पिंग ८.८.८.८ ला. राउटरचा पिंग चांगला आणि हा मरतोय तर दोष बाहेर. तिसरा कुठल्यातरी वेबसाइटच्या नावाला. आकड्याला पिंग जातो आणि नावाला जात नाही तर डीएनएस (नावाचा आकडा शोधून देणारी सेवा) बदला, १.१.१.१ टाका, एवढंच.

आणखी एक त्रास असा की स्पीड टेस्ट छान येते पण मीटिंगमध्ये आवाज तुटतो. तेव्हा बघा घरातल्या कोणाचा फोन गणपतीचे किंवा लग्नाचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवतोय का. अपलोड भरलं की राउटरमध्ये पॅकेटची रांग लागते आणि तुमचा आवाज त्या रांगेत मागे उभा राहतो. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती स्पीड ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोड मूळ स्पीडच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांवर बांधून टाका, आणि मीटिंग चालू असताना डॉकर इमेज (प्रोग्रामसाठी लागणारं सगळं एकत्र बांधलेलं मोठं पॅकेज) खेचू नका.

बॅकअपचं सिम दुसऱ्या कंपनीचं घ्या, आणि शक्यतो टॉवर पण दुसरा असलेलं, कारण लाईट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरी पण बसते. घरात कुठल्या खिडकीत कुठलं सिम चांगलं चालतं ते लाईट असतानाच फिरून बघून ठेवा. हॉटस्पॉटला लॅपटॉपमध्ये मीटर्ड (मोजका डेटा असलेलं) कनेक्शन म्हणून खूण करा, नाहीतर विंडोजचे अपडेट तुमचा दिवसाचा डेटा तासाभरात संपवतील.

कामाची पद्धत

आता हे सगळं करूनसुद्धा लाईन तुटणारच, तर तुटल्यावर काम वाया जाऊ नये अशी सवय लावून घ्या. गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं टूल) मुळात ऑफलाइन चालण्यासाठीच सोयीचं आहे, कमिट म्हणजे बदलाची नोंद लोकल होते, नेट आलं की पुश करा, म्हणजे सर्व्हरवर चढवा. मोठी रेपो (प्रोजेक्टचा सगळा कोड आणि इतिहास) पूर्ण क्लोन करायला, म्हणजे उतरवायला, जाऊ नका, अर्ध्यात तुटलं तर क्लोन पुढे चालू होत नाही, पहिल्यापासून होतो. आधी डेप्थ १ देऊन शॅलो क्लोन (फक्त शेवटच्या कमिटपुरता) करा, मग रात्री नेट शांत असताना थोडी थोडी हिस्ट्री खेचा. किंवा सर्व्हरवर हात पोचत असेल तर तिथे गिट बंडल (सगळी रेपो एका फाइलमध्ये) बनवून ती फाइल आरसिंक या फाइल आणणाऱ्या टूलने पार्शल ऑप्शन लावून आणा, ती तुटली तिथून पुढे येते. डॉकर इमेजचे एका वेळी तीन लेअर (थर) खेचतो, कमजोर नेटवर तिन्ही अर्धवट राहतात, डॉकरच्या मागे चालणाऱ्या प्रोग्रामच्या (डिमन) सेटिंगमध्ये तो आकडा १ करा, म्हणजे निदान एक एक लेअर पूर्ण होऊन राहील.

एसएसएच (लांबच्या सर्व्हरला जोडणारी लाईन) तुटून तिकडचं काम मरत असेल तर टीमक्स (सर्व्हरवर सेशन जिवंत ठेवणारा प्रोग्राम) वापराच, यावर दुसरं मत असूच नये. बिल्ड, मायग्रेशन, काहीही लांबणारं असेल ते सर्व्हरवर टीमक्सच्या आत चालवा, तुमच्याकडे लाईट गेली तरी ते तिकडे चालू राहतं. एसएसएचच्या जागी मॉश मिळालं तर अजून चांगलं, फायबरवरून हॉटस्पॉटवर उडी मारली, आयपी बदलला, तरी सेशन जिवंत राहतं, फक्त सर्व्हरवर ६०००० पासूनचे यूडीपी पोर्ट उघडे लागतात. डॉक्युमेंटेशन ऑफलाइन उतरवून ठेवा, झील किंवा डेवडॉक्स या टूलने, नेट नसलेली दुपार मग फुकट जात नाही.

दमट खारी हवा

मिठाचा बारीक थर हवेतलं पाणी ओढून घेतो आणि मग पोर्टच्या पिना हिरव्या पडतात. समुद्राकडच्या खिडकीखाली टेबल ठेवू नका, हे पहिलं. यूएसबी-सी पोर्टला रबरी टोप्या मिळतात, त्या लावा. फोन ओलावा असल्याची सूचना देत असेल तर जबरदस्तीने चार्ज करू नका, ओल्या पिनेत करंट गेला की ती झपाट्याने गंजते, पंख्याखाली ठेवा आणि थांबा. साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, मशीन बंद करून. जे गॅजेट महिनोन्महिने वापरत नाही ते घट्ट डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, जेलचा रंग बदलला की ते गरम करून परत वापरता येतं. रोजच्या लॅपटॉपला याची तेवढी गरज नाही, तो रोज चालू होतो, गरम होतो, ओल टिकत नाही. बंद कपाटात ठेवलेल्या एक्स्टर्नल डिस्कची मात्र काळजी घ्या, आणि बॅकअप फक्त घरातच असेल तर एक प्रत बाहेर पण ठेवा, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी किती वर चढलं ते आठवा.

लॅपटॉप दिवसभर चार्जिंगलाच असतो म्हणून सेटिंगमध्ये चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा, आपल्या उकाड्यात शंभर टक्क्यांवर बसलेली बॅटरी लवकर फुगते. मे-जूनमध्ये लाईट जास्त जायला लागली की ती मर्यादा काढा. टचपॅड वर आल्यासारखा वाटला किंवा झाकण नीट बसेना तर बॅटरी फुगली आहे, चार्ज करणं बंद आणि थेट सर्व्हिस सेंटर.

आणि टीमला आधीच सांगून ठेवा. पुण्या-मुंबईतल्या लीडला जून-जुलैत इथे काय असतं याची कल्पना नसते. पावसाळा लागण्याआधीच एकदा स्पष्ट लिहून द्या की लाईट गेली तर पुढचे किती तास तुमच्याकडे बॅकअप आहे, नेट गेलं तर व्हिडिओ बंद ठेवून फोनवरून जोडले जाल, आणि दोन्ही गेलं तर कुठल्या नंबरवर साधा एसएमएस येईल. डेमो किंवा रिलीज असेल तर तो सकाळी ठेवायला सांगा, संध्याकाळच्या कमी व्होल्टेजमध्ये आणि मे आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात तो घेऊ नका. एक जास्तीचा चार्जर घरात असू द्या, तालुक्याच्या दुकानात तुमच्या मॉडेलचा मिळेलच असं नाही, आणि घाट बंद झाला तर कुरिअर पण येत नाही.